ट्रेन सिम्युलेटरमधले सिग्नल आणि वेगमर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज या पट्ट्यात ट्रेन सिम्युलेटर खेळणारे बरेच आहेत. गाडी पळवायला सगळ्यांना दोन दिवसांत जमतं. अडतं ते सिग्नलपाशी: हिरवा असताना दंड बसतो, लाल काही केल्या जात नाही, पाटीवर ६० लिहिलंय म्हणून ६० केले तरी गुण कापले जातात. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो. तो पहिल्याच प्रश्नात घेतला आहे. बाकीचं घाईत असाल तरी तेवढं वाचाच.

सिग्नलचा रंग नेमकं काय सांगतो?

लाल सोडला तर कुठलाही रंग तुम्ही उभे आहात त्या जागेबद्दल बोलत नाही. तो पुढच्या सिग्नलबद्दल बोलतो. रस्त्यावरच्या सिग्नलची सवय इथे आड येते. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला हिरवा मिळाला की चौक मोकळा आहे, एवढाच त्याचा अर्थ. रेल्वेत हिरव्याचा अर्थ असा की हा सिग्नल ओलांडा आणि पुढच्या सिग्नललाही थांबायची तयारी नको.

भारतीय पद्धतीच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये चार संकेत असतात. लाल म्हणजे सिग्नलच्या अलीकडे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढे जा, पण पुढच्या स्टॉप सिग्नलला (ज्याच्यावर लाल येऊ शकतो असा सिग्नल) थांबायच्या तयारीने. डबल पिवळा म्हणजे पुढे जा, पण पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगानेच ओलांडायचा आहे. हिरवा म्हणजे मार्गाच्या मर्यादेपर्यंत मोकळं.

म्हणून सिग्नल ओलांडल्यावर तो विसरून चालत नाही. पिवळा ओलांडून गेलात, वळणाआड पुढचा सिग्नल अजून दिसत नाही, तरी तो लाल आहे असंच धरून गाडी चालवायची. नवीन खेळणारे इथेच चुकतात. पिवळा गेला, समोर मोकळा रूळ दिसला की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) उघडतात आणि वळण संपता संपता लाल समोर उभा राहतो.

पिवळा दिसला की लगेच ब्रेक मारायचा का?

ते तुमच्या वेगावर आणि गाडीवर अवलंबून आहे. अंदाजावर सोडू नका, एकदाच मोजून ठेवा. सपाट, सरळ रुळावर गाडी ताशी ६० वर आणा, पूर्ण सर्व्हिस ब्रेक (नेहमीचा, आणीबाणीचा नव्हे) लावा आणि थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. मग वेग गुणिले सेकंद, भागिले ७.२. उत्तर मीटरमध्ये मिळतं. ६० वरून थांबायला ३३ सेकंद लागले, तर ६० × ३३ ÷ ७.२ म्हणजे २७५ मीटर.

वेग वाढला की हे अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. त्याच गाडीला ताशी १०० वरून थांबायला २७५ चे साडेचारशे नव्हे, सुमारे ७६५ मीटर लागतात. त्यात ब्रेकचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायचा वेळ धरा. १०० च्या वेगात ५ सेकंद वाया गेले तर १४० मीटर त्यातच गेले.

मालगाडीचं गणित वेगळं. भरलेली मालगाडी सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद इतक्याच दराने मंदावत असेल, तर ताशी ७५ वरून थांबायला जवळपास १,१०० मीटर लागतात. आगाऊ इशारा देणारा डिस्टंट सिग्नल स्टेशनच्या होम सिग्नलच्या निदान १ किलोमीटर आधी का असतो, हे या आकड्यावरून लक्षात येईल. म्हणून मालगाडीत पिवळा लांबून दिसला की लगेच थ्रॉटल बंद करून पहिला हलका ब्रेक लावायचा. प्रवासी गाडीत थोडी उसंत मिळते, पण सिग्नल ओलांडताना वेग उतरायला लागलेला असलाच पाहिजे.

डिस्टंट, होम, स्टार्टर, ॲडव्हान्स्ड स्टार्टर यांत गोंधळ होतो. क्रम कसा?

आपल्याच मार्गावरचं उदाहरण घेऊ. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४८ किलोमीटरचा एकेरी मार्ग. मिरजेहून निघालं की जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट आणि शेवटी कोल्हापूरचं श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. गेममध्ये तुमची गाडी कोल्हापूरकडे येतेय, समोरून एक गाडी मिरजेकडे निघाली आहे आणि क्रॉसिंग (दोन्ही गाड्यांनी एकमेकींना वाट देणं) हातकणंगल्याला ठरलंय असं समजा.

स्टेशन जवळ येताना पहिला भेटतो डिस्टंट. तो स्टॉप सिग्नल नाही, त्याच्यावर लाल कधीच येत नाही. पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘पी’ ही त्याची खूण. काही ठिकाणी दोन असतात: होमच्या साधारण २ किलोमीटर आधी डिस्टंट आणि १ किलोमीटर आधी इनर डिस्टंट. त्यानंतर होम. स्टेशनात घ्यायचं की बाहेर उभं करायचं हे होम ठरवतो. प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला स्टार्टर आणि स्टेशनचे सगळे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा) संपल्यावर ॲडव्हान्स्ड स्टार्टर. ॲडव्हान्स्ड स्टार्टर ओलांडला की तुम्ही दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये शिरलात. एकेरी मार्गावर त्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी.

आता क्रॉसिंगसाठी तुम्हाला लूप लाइनवर (मेन लाइनच्या बाजूचा रूळ) घेणार असतील तर दोन डिस्टंटच्या मार्गावर संकेत असे येतात: डिस्टंट डबल पिवळा, इनर डिस्टंट डबल पिवळा, होम एक पिवळा आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ, स्टार्टर लाल. लूप अजून मोकळी नाही म्हणून होमलाच थांबवणार असतील तर डिस्टंट डबल पिवळा, इनर डिस्टंट एक पिवळा, होम लाल. न थांबता मेन लाइनने जायचं असेल तर सगळे हिरवे.

हा क्रम वाचता आला की सिग्नल दिसायच्या आधीच पुढे काय येणार ते कळतं. इनर डिस्टंटला डबल पिवळा मिळाला की होमला लाल नाही हे नक्की. तेव्हा थांबायची नव्हे, वेग उतरवायची तयारी करायची. एवढा एक फरक अंगवळणी पडला तरी खेळ बदलतो.

पिवळ्यासोबत पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ दिसते. ती काय?

तो रूट इंडिकेटर. पाच पांढरे दिवे एका रेषेत पेटतात आणि गाडी कोणत्या बाजूला वळणार ते सांगतात. मेन लाइनसाठी ओळ पेटत नाही. होमला नुसता पिवळा असेल तर मेन लाइननेच स्टार्टरपर्यंत. पिवळ्यासोबत ओळ असेल तर लूपला.

लूपला जाताना गाडी सांध्यावरून वळते आणि खरी मर्यादा तिथे असते. आपल्याकडे १ इन ८.५ च्या सांध्यावर (आकडा जितका लहान तितकं वळण तीव्र) सहसा ताशी १५, आणि वक्र स्विच असलेल्या १ इन १२ च्या सांध्यावर ताशी ३०. गेममध्ये पाटी दिसो न दिसो, सांध्याला ही मर्यादा जोडलेली असते. ‘पाटी नव्हती तरी दंड बसला’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

पाटी ओलांडल्याबरोबर वेग वाढवला तरी दंड का बसतो?

कारण मर्यादा इंजिनाला नाही, सगळ्या गाडीला आहे. कमी वेगाच्या टप्प्यात शिरताना इंजिनाचं नाक धरायचं आणि बाहेर पडताना शेवटच्या डब्याचं शेपूट.

हिशोब करून बघा. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) एक डबा बफरसह सुमारे २२ मीटर. २० डबे आणि एक इंजिन मिळून साधारण ४६५ मीटर. ३० च्या मर्यादेचा टप्पा इंजिनाने संपवला तरी शेपूट बाहेर पडायला ५६ सेकंद लागतात. मर्यादा १५ असेल तर जवळपास दोन मिनिटं. एवढा वेळ समोर मोकळा रूळ बघत हात आवरून बसायला संयम लागतो, पण तोच या कामाचा भाग आहे.

भारतीय रेल्वेत यासाठी पाट्यांची सोय आहे. तात्पुरत्या मर्यादेचा टप्पा संपल्यावर पुढे ‘टी/पी’ आणि ‘टी/जी’ या पाट्या असतात, पहिली प्रवासी गाडीसाठी आणि दुसरी मालगाडीसाठी. त्या गाडीच्या लांबीचा हिशोब करूनच लावलेल्या असतात. म्हणून इंजिन त्या पाटीपाशी पोहोचलं की वेग वाढवायला हरकत नाही, शेपूट तोवर बाहेर पडलेलं असतं. मार्ग बनवणाऱ्याने या पाट्या लावल्या असतील तर मोजायची गरज नाही.

पाट्या नसतील तर विजेचे खांब मोजा. आपल्याकडे सरळ मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर असतात, वळणावर कमी. वर सांगितलेल्या गाडीसाठी सरळ मार्गावर खांबांमधले सात-आठ गाळे मोजले की पुरे. ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये बाहेरचा कॅमेरा शेवटच्या डब्यावर नेऊनही बघता येतं, पण कॅबमधून मोजायची सवय लागली तर जास्त मजा येते.

एकाच जागी दोन-तीन मर्यादा लागू असतील तर कोणती धरायची?

सगळ्यांत कमी असलेली. मार्गाची कमाल, गाडीची कमाल (इंजिन आणि डबे यांतली जी कमी ती), वळणाची किंवा पुलाची कायमची मर्यादा, काम चालू असल्याने लावलेली तात्पुरती मर्यादा, सांध्याची मर्यादा आणि सिग्नलचा संकेत, या सहांपैकी. स्क्रीनवरचा आकडा यांतल्या सगळ्या गोष्टी दाखवेलच असं नाही. गाडीची कमाल पुष्कळदा त्यात धरलेली नसते. ११० च्या मार्गावर ७५ कमाल असलेल्या वाघिणी (मालगाडीचे डबे) घेऊन ११० ने गेलात तर काही गेममध्ये डबे घसरतात आणि कारण कळत नाही. गाडी निवडतानाच प्रत्येक डब्याची कमाल बघून घ्या.

तात्पुरत्या वेगमर्यादेच्या पाट्या कोणत्या?

आधी सावधतेची पाटी, मग वेगाची, शेवटी समाप्तीची. वेगाची पाटी म्हणजे पिवळ्या त्रिकोणावर काळा आकडा. सावधतेची पाटी दिसली की ब्रेकची तयारी, आणि त्रिकोणापाशी पोहोचताना वेग त्या आकड्यावर आलेला हवा. त्रिकोण दिसल्यावर ब्रेक मारायला सुरुवात केली तर उशीर झाला.

खऱ्या रेल्वेत लोको पायलटला निघताना कॉशन ऑर्डरचा कागद मिळतो. किती किलोमीटरपासून किती किलोमीटरपर्यंत, किती वेग, सगळं त्यावर. ओपन रेल्समधल्या ॲक्टिव्हिटीतही (आधीच आखून दिलेल्या फेरीत) असे टप्पे टाकता येतात. ॲक्टिव्हिटीची माहिती न वाचता सुरू करणाऱ्यांना त्यामुळेच अचानक ३० चा आकडा दिसतो. निघायच्या आधी ती माहिती वाचा आणि कागदावर टप्पे लिहून की-बोर्डशेजारी ठेवा.

जाता जाता: ‘डब्ल्यू/एल’ किंवा ‘सी/फा’ ही वेगाची पाटी नाही. सीटी/फाटक. फाटकाच्या ६०० मीटर आधी असते, तिथपासून शिट्टी द्यायची.

लाल काही केल्या जात नाही. गेम अडकला का?

गेम क्वचितच अडकतो. या क्रमाने तपासा.

पहिलं, सांधा. पुढचा सांधा तुमच्या मार्गाला लागलेला नसेल तर सिग्नल मिळणारच नाही. ओपन रेल्समध्ये एफ-८ ने सांध्याची खिडकी उघडते, ‘जी’ ने पुढचा आणि ‘शिफ्ट-जी’ ने मागचा सांधा बदलतो. पण गाडी ठरलेल्या मार्गाने आपोआप सिग्नल घेत असेल तर सांध्यांना हात लावू नका. आधी लावलेला मार्ग त्यामुळेच मोडतो.

दुसरं, पुढची गाडी. ब्लॉकमध्ये कोणी असेल तर ते बाहेर पडेपर्यंत वाट बघणं हाच उपाय. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागणं अगदी नेहमीचं आहे.

तिसरं, थांब्याची वेळ. स्टेशनवर थांबा असताना पुढचा सिग्नल मुद्दाम लाल ठेवण्याची सोय काही गेममध्ये असते. निघायची वेळ झाल्याशिवाय तो बदलत नाही. दुसरीकडे प्लॅटफॉर्मवर गाडी पूर्ण आत आली नसेल तर थांबा मोजलाच जात नाही आणि सिग्नलही मिळत नाही.

चौथं, तुमचं स्वतःचं शेपूट. लूपमध्ये गाडी पुरेशी आत घेतली नाही तर मागचे डबे सांध्यावर राहतात. मग समोरच्या गाडीला वाट मिळत नाही, ती तिथे अडते, ती अडली म्हणून तुम्हीही अडता. तासभर दोन्ही गाड्या उभ्या राहण्याचं हे सगळ्यांत हमखास कारण. स्टार्टरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, पण त्याच्या पुढे नको.

हे सगळं बघूनही लाल असेल तर टॅब दाबून परवानगी मागा. ओपन रेल्स आणि ट्रेन सिम्युलेटर क्लासिक दोन्हींत ही सोय आहे. परवानगी मिळाली तरी पुढे दिसेल त्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने जायचं. परवानगीचा अर्थ पुढे मोकळं आहे असा होत नाही. नाकारली तर कारण वरच्या चारांत आहेच, पुन्हा बघा.

सिग्नलच्या खांबावर ‘ए’ किंवा ‘जी’ अशी पाटी असते. लाल असताना ते ओलांडता येतात का?

येतात, पण नियमाने. पांढऱ्या गोलावर काळा ‘ए’ म्हणजे ऑटोमॅटिक सिग्नल. गाडी पुढे गेली की लाल, ती लांब गेली की आपोआप पिवळा, डबल पिवळा, हिरवा. तो लाल असेल तर थांबायचं, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं वाट बघायची, मग पुढच्या स्टॉप सिग्नलपर्यंत अगदी सावकाश जायचं. वळण, धुकं, पाऊस यांमुळे पुढचं नीट दिसत नसेल तर वेग १० च्या वर न्यायचा नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर खेळणाऱ्यांना हे सारखं लागतं.

पिवळ्या गोलावर काळा ‘जी’ म्हणजे फाटकाचा सिग्नल. थांबण्याची वेळ तीच, मग शिट्टी देत हळूहळू फाटकापर्यंत आणि फाटक बंद आहे याची खात्री झाल्यावरच पुढे.

ज्या स्टॉप सिग्नलवर असली कुठलीच पाटी नाही, उदाहरणार्थ होम किंवा स्टार्टर, तो लाल असताना स्वतःच्या मनाने ओलांडायचा नाही. सगळेच गेम हा फरक पाळत नाहीत. काहींत ‘ए’ पाटीचा लाल ओलांडला तरी खेळ संपतो, तिथे टॅब वापरा.

ब्रेक लावून सोडला, परत लावला तर लागतच नाही. का?

हवा भरायला वेळ लागतो. भारतीय गाड्यांत ब्रेक पाइपमध्ये ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, फीड पाइपमध्ये ६. ब्रेक लावणं म्हणजे ब्रेक पाइपमधला दाब कमी करणं. अर्धा किलो उतरवला की हलका ब्रेक, दीड किलोच्या आसपास उतरवला की पूर्ण सर्व्हिस, सगळा सोडला की आणीबाणीचा. सोडताना हा दाब पुन्हा ५ वर यावा लागतो आणि तो आधी इंजिनाजवळ, शेवटी गार्डच्या डब्यात पोहोचतो. तेवढ्यात परत ब्रेक मागितला तर डब्यांच्या टाक्या अर्ध्या रिकाम्या असतात.

म्हणून लाव-सोड, लाव-सोड करू नका. एकदा अर्धा किलो उतरवा, गाडी घट्ट होईपर्यंत थांबा, मग लागेल तसा अजून थोडा. दाबाचा काटा बघत चालवा, फक्त वेगाचा नको. आपल्या एअर ब्रेकमध्ये थोडा थोडा ब्रेक सोडताही येतो. अमेरिकन मालगाडीत ते जमत नाही, सोडला की सगळा सुटतो. गेममध्ये गाडी कोणत्या जातीची आहे ते सुरुवातीलाच दोनदा लावून-सोडून बघा.

घाटात हेच गणित चालतं का?

नाही. मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट चढते, परतीला उतरते. तिथला चढ १ इन ३७ पर्यंत, म्हणजे ३७ मीटरमागे १ मीटर इतका आहे. एवढ्या उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सेकंदाला ०.२६ मीटर प्रति सेकंद या दराने पुढे ओढतं. सपाटीवर ०.५ ने मंदावणारी गाडी तिथे जेमतेम ०.२४ ने मंदावते. ताशी ५० वरून सपाटीवर १९३ मीटरमध्ये थांबाल, घाटात ४१० मीटर लागतील.

घाट उतरायला लागायच्या आधी वेग कमी करा, उतारावर शिरल्यावर नको. इंजिनात डायनॅमिक किंवा रिजनरेटिव्ह ब्रेक (मोटरच्या जोरावर वेग उतरवणारा) असेल तर मुख्य भार त्याच्यावर टाका आणि हवेचा ब्रेक राखून ठेवा. मर्यादेच्या पाच-सात किलोमीटर खाली राहा. बोरघाटात सुटलेली गाडी वळवून थांबवायला कॅच सायडिंग असतात. उतरताना तिथला सांधा आपल्याला मेन लाइनचा मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कोल्हापूरला येताना होमला हिरवा कधीच का मिळत नाही?

कारण पुढे रूळच संपतो. हिरवा म्हणजे पुढचा सिग्नलही मोकळा, आणि टर्मिनसला पुढे बफर, म्हणजे रूळ संपतो तिथला अडथळा आहे. म्हणून पिवळाच मिळणार. प्लॅटफॉर्मच्या सुरुवातीलाच वेग १५ च्या खाली आणा, अर्ध्यावर दहा, आणि शेवटी दोन डब्यांइतकं अंतर उरलं की चालण्याच्या वेगाने. बफरपासून १०-१५ मीटर अलीकडे थांबा, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला न्यायचं असेल तर त्याला हालायला जागा लागते.

ब्रिटिश मार्गावर भोंगा वाजतो आणि गाडी आपोआप थांबते. काय करायचं?

ती एडब्ल्यूएस, चालकाला सिग्नलची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा. सिग्नलच्या साधारण १८० मीटर आधी रुळात चुंबक असतं. हिरवा असेल तर घंटी वाजते, काही करावं लागत नाही. बाकी कुठलाही रंग असेल तर भोंगा, आणि दोन-अडीच सेकंदांत ‘क्यू’ दाबून पोच द्यावी लागते. नाही दिली तर आणीबाणीचा ब्रेक. मात्र पोच म्हणजे ब्रेक नव्हे. ‘क्यू’ दाबून भोंगा गप्प केला आणि वेग तसाच ठेवला की पुढच्या लालपाशी टीपीडब्ल्यूएस ही गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा पकडते.

दोन फरक लक्षात ठेवा. तिकडचा डबल पिवळा म्हणजे पुढे एक पिवळा आणि त्यापुढे लाल, इतकंच. त्यात वळण्याचा अर्थ नाही. तिकडे वळणाची आगाऊ सूचना उघडझाप करणाऱ्या पिवळ्याने देतात. आणि पाट्यांवरचे आकडे मैलांत असतात, ६० म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर. एका पाटीवर दोन आकडे असतील तर लहान मालगाडीसाठी.

जर्मन मार्गावर पीझेडबी सारखा ब्रेक मारतो.

पीझेडबी ही चुंबकांवरून गाडीच्या वेगावर पाळत ठेवणारी जर्मन यंत्रणा. जर्मन मार्गावरचे बरेच खेळाडू इथेच हात टेकतात, म्हणून जरा नीट. पहिलं चुंबक डिस्टंटपाशी असतं. इशारा देणारा डिस्टंट ओलांडला की ४ सेकंदांत ‘पेज डाउन’ दाबायचं. मग वेगवान प्रवासी गाडीला २३ सेकंदांत ८५ च्या खाली यावं लागतं. मधल्या वर्गाला २९ सेकंदांत ७०, जड मालगाडीला ३८ सेकंदांत ५५. लाल सिग्नलच्या साधारण २५० मीटर आधी दुसरं चुंबक असतं, तिथे प्रवासी गाडीचा वेग ६५ च्या आत हवा आणि पुढच्या १५३ मीटरमध्ये ४५ वर. लालवरच्या शेवटच्या चुंबकाशी गेलात की गाडी थांबलीच.

७०० मीटरनंतर कॅबमधला पाळतीचा दिवा विझतो, आणि मधेच सिग्नल हिरवा झाला असेल तर ‘एंड’ दाबून सुटका मागता येते. इथे सापळा आहे. पाळत प्रत्यक्षात १,२५० मीटरपर्यंत चालूच असते. सुटका मागितली आणि तेवढ्या अंतरात दुसरं चुंबक लागलं तर ताबडतोब ब्रेक. म्हणून सिग्नल डोळ्यांनी हिरवा दिसल्याशिवाय ‘एंड’ दाबायचं नाही. शिवाय पाळत चालू असताना १५ सेकंद १० च्या खाली रेंगाळलात किंवा थांबलात तर मर्यादा आणखी खाली येते: ४५, आणि दुसऱ्या चुंबकानंतर २५. स्टेशनवर थांबून निघताना ब्रेक बसतो तो यामुळे.

अनेक रुळ शेजारी असतात तेव्हा माझा सिग्नल कोणता हे कसं ओळखू?

आपल्याकडे सिग्नल सहसा आपल्या रुळाच्या डाव्या बाजूला किंवा वर असतो. तरी वळणावर शेजारच्या रुळाचा सिग्नल समोर आल्यासारखा वाटतो. ओपन रेल्समध्ये एफ-४ चा ट्रॅक मॉनिटर पुढच्या सिग्नलचं अंतर दाखवतो. ते अंतर आणि दिसणारा खांब जुळतो का बघा. मोबाइलच्या लहान पडद्यावर डबल पिवळा लांबून एकच दिसतो, तेव्हा जवळ येईपर्यंत तो एक पिवळाच समजा.

जमिनीलगतचे दोन पांढरे दिवे कसले?

शंटिंगचे, म्हणजे स्टेशनात डबे-इंजिन इकडून तिकडे हलवण्याचे. दोन्ही आडवे पेटले तर थांबा, तिरके पेटले तर हळू पुढे. ते फक्त शंटिंगसाठी आहेत, गाडी घेऊन सेक्शनमध्ये निघायला चालत नाहीत. होमखाली लहानसा पिवळा पेटला आणि वरचा मुख्य दिवा लालच राहिला तर तो कॉलिंग-ऑन: आधी थांबा, मग आत गाडी उभी असू शकते हे धरून अगदी सावकाश.

दंड बसला, पण नक्की कशामुळे ते कळलं नाही. शोधायचं कसं?

दंडाच्या क्षणी गेम थांबवा आणि तीन गोष्टी लिहा: वेग, इंजिनाची जागा, शेवटच्या डब्याची जागा. मग मागे जात शेवटची पाटी, शेवटचा सिग्नल आणि शेवटचा सांधा शोधा. शेपूट अजून पाटीच्या किंवा सांध्याच्या मागे असेल तर कारण सापडलं. नसेल तर शेवटचा सिग्नल कोणता रंग दाखवत होता आणि तो ओलांडताना वेग किती होता ते बघा. तिथेही नाही सापडलं तर डब्यांची कमाल तपासा. त्या मार्गावर तीच गाडी पुन्हा नेण्याआधी ती जागा किलोमीटरच्या दगडासह कागदावर टिपून ठेवा.